कुडाच्या भिंतीपासून पवनचक्कीच्या पात्यापर्यंत

आपल्या बीड जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या खेड्यांत गेलें असतां कोठें तरी कुडाची भिंत दृष्टीस पडते. तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या रोवून, आडव्या काठ्यांस बांधून त्यांचा ताटवा करावयाचा आणि त्यावर दोन्ही अंगांनीं शेणामातीचा लेप द्यावयाचा, इतकीच त्या भिंतीची कृति. धान्य सांठविण्याची कणगीहि याच रीतीनें होते. नुसत्या तुराट्यांचा ताटवा उभा केला तर वारा, पाऊस आणि उंदीर त्यांतून सहज आंत येतात. नुसत्या चिखलाची तितकीच पातळ भिंत उभी केली तर वाळतांना तिला भेगा पडतात, आणि शेळीनें अंग घासलें तरी ती ढासळते. तुराटी व माती एकत्र आलीं म्हणजे मात्र जी वस्तु तयार होते, तिच्या अंगीं दोहोंपैकीं एकट्याच्या अंगीं नसलेले गुण येतात.

आतां दृष्टि थोडी वर करावी. गेल्या कांहीं वर्षांत बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांचीं लांबच लांब पांढरीं पातीं सावकाश फिरतांना आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तीं लोखंडाचीं किंवा अल्युमिनिअमचीं असावींत असें प्रथम वाटतें. परंतु वास्तविक त्यांत धातु अगदीं थोडा असतो. तीं मुख्यतः कांचेच्या तंतूंचीं आणि राळेचीं केलेलीं असतात. भिंतींत तुराटी जें काम करते तें पात्यांत कांचेचा तंतु करतो, आणि भिंतींत माती जें काम करते तें पात्यांत राळ करते. आजोबांच्या घरची भिंत आणि डोंगरावरची पवनचक्की हीं अशा प्रकारें एकाच कुळांतलीं ठरतात. या कुळास शास्त्रांत तंतुयुक्त संमिश्र पदार्थ असें म्हणतात. त्यांचे गुण कोणते, ते तयार कसे करतात, कोठें उपयोगी पडतात आणि त्यांत उणेपणा कोणता, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम संमिश्र या शब्दाचा अर्थ पाहूं. पाण्यांत साखर विरघळली म्हणजे ती वेगळी दाखवितां येत नाहीं. तांबें व जस्त एकत्र वितळवून पितळ केलें म्हणजे त्यांतील तांबें अमुक ठिकाणीं आहे असें बोटानें दाखवितां येत नाहीं. संमिश्र पदार्थांत मात्र दोन्ही घटक आपापल्या रूपानें शेवटपर्यंत कायम राहतात. मोडलेल्या कडेकडे पाहिलें तर तंतु निराळा आणि त्यास धरून ठेवणारें द्रव्य निराळें दिसतें. या दुसऱ्या द्रव्यास आपण धारक म्हणूं. हल्लीं बाजारांत अनेक वस्तूंस सरसकट ‘फायबर’ म्हणण्याची चाल पडली आहे. परंतु ओतीव प्लास्टिकच्या खुर्चींत तंतु मुळींच नसेल, तर नांवानें ती या कुळांतली होत नाहीं. मोडलेल्या कडेला कुसळांसारखे तंतु दिसले तरच तें नांव सार्थ समजावें.

ही युक्ति फार प्राचीन आहे. पवित्र शास्त्रांतील निर्गम या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत मिसर देशांत दास्य भोगणाऱ्या इस्राएल लोकांची हकीकत आली आहे. विटांसाठीं लागणारें काड फारो राजानें त्यांस देणें बंद केलें, तें त्यांनीं स्वतः वेंचून आणावें आणि विटांची संख्या मात्र पूर्वींइतकीच भरावी, असा हुकूम केला. ती आज्ञा किती जाचक होती, हें कच्च्या विटा थापणाऱ्यास चटकन् समजेल. मातींत काड नसलें म्हणजे वीट वाळतांना तडकते, म्हणून तें गोळा केल्यावांचून त्या लोकांस गत्यंतर नव्हतें.

आपल्या मराठवाड्यांतहि याचा उत्तम पुरावा आहे. वेरूळच्या लेण्यांत खडकावर जो मातीचा गिलावा दिलेला आहे, त्याचे नमुने राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई या संशोधकांनीं तपासले. त्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले असल्याचें त्यांस आढळलें, आणि २०१६ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. अजिंठ्याच्या गिलाव्यांतहि गवताचे तंतु व तूस आहे. परंतु भांग नाहीं, आणि तेथील गिलाव्यास किड्यांचा उपद्रव बराच झाला. वेरूळचा गिलावा या उपद्रवांतून वांचला, याचें श्रेय भांगेच्या तंतूंस असावें असें त्या संशोधकांचें मत आहे. तंतु घालावा इतकेंच कळून भागत नाहीं. कोणता घालावा हेंहि कळावें लागतें.

तंतूनें नेमकें काय साधतें, हें समजण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. चाळलेल्या मातीचा घट्ट चिखल मळून वीतभर लांब, चार बोटें रुंद व एक बोट जाड अशा चार पट्ट्या थापाव्या. पहिलींत कांहींच घालूं नये. दुसरींत अंबाडीच्या वाखाचे धागे लांबीच्या दिशेनें, खालच्या अंगाजवळ येतील असे पसरून दडपावे. तिसरींत तितकेच धागे आडवे, रुंदीच्या दिशेनें घालावे. चौथींत दुसरीप्रमाणेंच लांब धागे घालावे, परंतु ते आधीं तेलांत चांगले भिजवून घ्यावे. सर्व पट्ट्या सावलींत आठवडाभर वाळूं द्याव्या. नंतर एकेक पट्टी दोन विटांवर पुलासारखी ठेवून तिच्या मध्यभागीं दोरीनें एक डबा टांगावा, आणि त्यांत थोडी थोडी वाळू घालीत जावें.

पहिली पट्टी थोड्याशा भारानें एकदम दुभंगेल. दुसरीला खालून तडा जाईल खरा, परंतु धागे तिला एकाएकीं तुटूं देणार नाहींत. ती वांकलेल्या स्थितींतहि भार धरून राहील. तिसरी जवळजवळ पहिलीसारखीच मोडेल. चौथींतील धागे न तुटतां मातींतून सुळकन् बाहेर निसटतील. याचें कारण असें. पट्टी वांकूं लागली म्हणजे तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. माती दाब सोसते, पण ताण सोसत नाहीं. म्हणून तडा नेहमीं खालून सुरू होतो. तेथें धागा असला तर ताण तो आपल्यावर घेतो. मात्र त्यासाठीं तो ताणाच्या दिशेनें पडलेला पाहिजे, आणि मातीनें त्याला घट्ट धरलेलें पाहिजे. तिसऱ्या पट्टींत दिशा चुकली. चौथींत बंध सुटला. तंतु, दिशा आणि बंध या तीन गोष्टी ज्याला समजल्या, त्याला या सर्व विषयाचें मर्म समजलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

बांधकामांत असा बंध नसला म्हणजे काय होतें, याचें दारुण उदाहरण आपल्या शेजारींच घडलें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती दगडमातीच्या व चांगल्या जाड होत्या, आणि त्यांवर माळवदाच्या मातीचें जड ओझें होतें. भिंतीची आंतली बाजू व बाहेरची बाजू निरनिराळी रचलेली, मध्यें दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही बाजूंस आरपार जोडणारे लांब दगड बहुधा नव्हते. हादरा बसतांच दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या, भिंती फुगून ढासळल्या, आणि झोपलेल्या माणसांवर माळवद कोसळलें. त्या भिंतींत दगडाची किंवा जाडीची उणीव नव्हती. ताण घेणारें व एकत्र बांधणारें असें त्यांत कांहीं नव्हतें. म्हणूनच नंतरच्या बांधकामांत आरपार जोड घालण्यावर, आणि लोखंडी गज घातलेल्या कॉंक्रीटचा पट्टा घराभोंवतीं फिरविण्यावर भर देण्यांत आला. पट्ट्यांतील गज हे एका अर्थीं मोठे तंतूच होत.

आतां कोणी विचारील कीं, कांचेसारखी ठिसूळ वस्तु ताण कसा सोसणार? या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांतील ए. ए. ग्रिफिथ या शास्त्रज्ञानें १९२० च्या सुमारास शोधून काढलें. कांचेचा धागा जितका बारीक ओढावा, तितकी त्याची दर चौरस मिलिमीटरमागची बळकटी वाढत जाते, असें त्यास दिसलें. जाड कांचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य भेगा असतात, आणि ताण बसला म्हणजे तो सर्व त्या भेगांच्या टोंकाशीं एकवटतो. अगदीं बारीक धाग्यांत मोठी भेग असण्यास जागाच नसते. संमिश्र पदार्थांत वापरला जाणारा कांचेचा एकेक तंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दहा ते वीसपट इतकाच जाड, म्हणजे डोक्याच्या केंसापेक्षां कितीतरी बारीक असतो. असे तंतु एक चौरस मिलिमीटर भरतील इतके एकत्र घेतले, तर ते सुमारें ३४० किलोंचा ताण सोसतात. बांधकामाचें साधें पोलाद तेवढ्याच जाडीला ४० ते ५० किलोंस तुटतें. शिवाय कांच वजनानें पाण्याच्या अडीचपट, तर पोलाद पावणेआठपट जड असतें.

परंतु अशा तंतूंचा नुसता झुपका कांहीं उपयोगाचा नाहीं. तो दोराप्रमाणें ओढतां येईल, पण खांबाप्रमाणें उभा राहणार नाहीं. येथें धारकाचें काम सुरू होतें. धारक प्रत्येक तंतूस त्याच्या जागीं धरून ठेवतो. एखादा तंतु तुटला तर त्याच्या वांट्याचा भार शेजारच्या तंतूंवर पोहोंचवितो, म्हणून एकाच्या तुटण्यानें सर्व वस्तु तुटत नाहीं. दाब आला म्हणजे तंतु बाजूस वांकूं नयेत म्हणून त्यांस चोहोंकडून आधार देतो. आणि पाणी, ओरखडे व घासणें यांपासून त्यांचें रक्षण करतो. आधुनिक पदार्थांत धारक म्हणून बहुधा पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी जातीची राळ असते. ती प्रथम मधासारखी दाट द्रव असते, आणि योग्य द्रव्य मिसळलें म्हणजे तिचे कण एकमेकांस जाळ्याप्रमाणें बांधले जाऊन ती कायमची घट्ट होते.

दिशेचें महत्त्व किती आहे हें एका उदाहरणावरून दिसेल. कार्बनचे तंतु सर्व एकाच दिशेनें घालून, त्यांचें आकारमान शंभरांत साठ ठेवून, इपॉक्सीची पट्टी केली असें समजूं. पोलादाचा ताठपणा शंभर मानला तर या पट्टीचा ताठपणा तंतूंच्या दिशेनें सुमारें सत्तर भरतो. आडव्या दिशेनें मात्र तो चार-पांचच भरतो. वजनानें ती पोलादाच्या एकपंचमांश असते. म्हणजे सारख्या वजनाचा हिशेब केला तर उभ्या दिशेनें ती पोलादाच्या साडेतीनपट ताठ आणि आडव्या दिशेनें पोलादाहून कितीतरी दुबळी आहे. लांकडाची ढलपी उभी सहज फोडतां येते, आडवी तोडावयास कुऱ्हाड लागते. त्यांतलाच हा प्रकार आहे. म्हणून कारागीर तंतूंचे थर एकावर एक निरनिराळ्या दिशांनीं घालतो. ताण कोणत्या बाजूनें येणार याचा विचार आधीं करावयाचा, आणि जेथें जितका ताण तेथें तितके तंतु घालावयाचे, हेंच या विद्येंतील खरें कौशल्य होय.

तंतूंच्या मुख्य जाती तीन. कांचेचा तंतु सर्वांत स्वस्त व सर्वांत अधिक वापरांत असलेला. तो कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर होऊं लागला तो १९३० नंतरच्या दशकांत. कार्बनचा तंतु अधिक ताठ व हलका, पण महाग. एडिसननें आपल्या विजेच्या दिव्यासाठीं १८८० च्या सुमारास बांबूचा धागा जाळून कार्बनची तार केली होती. आजचा बळकट कार्बन तंतु मात्र १९६० च्या सुमारास सुरू झालेल्या संशोधनाचें फळ आहे. विशिष्ट कृत्रिम धागा हवा न लागूं देतां हजार अंशांहून अधिक उष्णतेंत तापवून तो करतात. तिसरी जात अरामिडची. तिच्यांतील केव्हलर हा प्रसिद्ध धागा स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्त्रीच्या १९६५ मधील शोधांतून निघाला. बंदुकीची गोळी अडविणाऱ्या चिलखतांत तो वापरतात.

आतां कृति पाहूं. सर्वांत सोपी रीत हातानें थर चढविण्याची. पाण्याच्या टाक्या, होड्या, छपराचे पत्रे, मोठ्या मूर्ति अशा वस्तु लहान कारखान्यांतहि या रीतीनें होतात. प्रथम साचा स्वच्छ करून त्यावर मेण चोळतात, म्हणजे वस्तु चिकटत नाहीं. मग रंगीत राळेचा एक गुळगुळीत थर देतात. हाच पुढें वस्तूचा बाहेरचा पृष्ठभाग होतो. तो किंचित् आळला म्हणजे त्यावर कांचतंतूंची चटई अंथरून कुंच्यानें राळ मुरवितात, आणि रूळ फिरवून आंतील हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. जाडी पुरी होईपर्यंत असे थर चढवीत जावयाचें. हें काम घर सारविण्याइतकें सोपें दिसतें, परंतु त्यांतील निष्काळजीपणा पुढें भोंवतो. एखादा बुडबुडा राहिला, किंवा एखाद्या जागीं तंतु कोरडाच राहिला, तर तेथें बंध नाहीं; आणि पुढें तडा तेथूनच सुरू व्हावयाचा.

नळ व गोल टाक्या करावयाच्या तर राळेंत भिजलेले तंतु फिरत्या साच्यावर रिळावर सूत गुंडाळावें तसे गुंडाळतात. पवनचक्कीच्या पात्यांसाठीं कोरडें तंतुवस्त्र साच्यांत अंथरून वर प्लास्टिकचें आवरण घालतात, आंतील हवा पंपानें शोषून घेतात, आणि त्या पोकळीच्या ओढीनें राळ सर्व थरांत भिनते. विमानाच्या भागांसाठीं तर आधींच राळ भरलेले कार्बनचे थर साच्यांत रचून, मोठ्या बंद भट्टींत उष्णता व दाब दोन्ही देऊन पक्के करतात. साधनें बदललीं तरी सर्वांचा हेतु एकच: तंतु ठरल्या दिशेनें राहावा, राळ प्रत्येक तंतूस पोहोंचावी, आणि मध्यें हवा राहूं नये.

या सर्व तत्त्वांचा मेळ आपल्या डोंगरावरील पात्यांत दिसतो. सुमारें ६० मीटर लांबीच्या पात्याचें वजन सतरा-अठरा टनांच्या घरांत असतें. वारा त्याला वांकवितो, म्हणून लांबीच्या दिशेनें जाणाऱ्या तंतूंचे जाड पट्टे त्याच्या कण्यांत घातलेले असतात. तें पिळवटूं नये म्हणून बाहेरच्या कवचांत तिरपे तंतु असतात. कवचाच्या मध्यें बाल्सा नांवाचें हलकें लांकूड किंवा फेस भरून जाडी वाढविलेली असते. दोन अर्धीं कवचें निरनिराळ्या साच्यांत करून एकमेकांस चिकटवितात. पातें खालून वर व वरून खालीं जातांना त्याच्या स्वतःच्या वजनाचा वांक प्रत्येक फेऱ्यास उलटसुलट होतो. मिनिटाला बारा फेरे धरले तर वीस वर्षांत असे सुमारें दहा कोटि झोके त्यास सोसावे लागतात. एखादी तार बोटांनीं पुन्हां पुन्हां वांकविली तर ती तुटते, हें आपणांस ठाऊक आहे. असे झोके सोसण्यांत हा पदार्थ धातूपेक्षां सरस ठरतो, म्हणूनच पात्यासाठीं त्याची निवड झाली.

इतरत्रहि त्याचे उपयोग पुष्कळ आहेत. कोंकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव फायबरच्या होड्या वापरतात, कारण खाऱ्या पाण्यानें त्या गंजत नाहींत आणि लांकडासारख्या कुजत नाहींत. आपल्या देशांत घडविलेलें तेजस हें लढाऊ विमान ४ जानेवारी २००१ रोजीं प्रथम आकाशांत उडालें. त्याच्या सांगाड्याच्या वजनापैकीं सुमारें शेंकडा ४५ भाग संमिश्र पदार्थांचा आहे. बोइंग ७८७ या प्रवासी विमानांत हें प्रमाण निम्म्यावर गेलें असून, त्याच्या तळजमिनीस लागणाऱ्या संमिश्र तुळया नागपूर येथील टाटा समूहाच्या कारखान्यांत तयार झाल्या आहेत.

परंतु या सर्वांहून मनांत भरणारी गोष्ट डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनीं अनेक वेळां सांगितली होती. क्षेपणास्त्रासाठीं हैदराबादच्या प्रयोगशाळेंत अतिशय हलका कार्बनचा पदार्थ तयार झाला होता. तेथील निझाम वैद्यकीय संस्थेंतील एका अस्थिशल्यविशारदानें तो हातांत घेऊन पाहिला आणि कलामांस आपल्या रुग्णालयांत नेलें. तेथें पोलिओनें अधू झालेलीं लहान मुलें तीन किलोंहून अधिक वजनाचे धातूचे आधार पायांत अडकवून पाय ओढीत चाललीं होतीं. तें पाहून कलामांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थोड्याच आठवड्यांत सुमारें ३०० ग्रॅम वजनाचे आधार करून दिले. मुलें धांवूं लागलीं आणि त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांस पाणी आलें. पदार्थ एकच; तो संहारासाठीं योजावयाचा कीं अपंगाचा भार हलका करण्यासाठीं, हें मनुष्याच्या हातीं आहे.

गुणांबरोबर दोषहि सांगितले पाहिजेत. लोखंडी सळई तुटण्यापूर्वीं वांकते व सूचना देते. संमिश्र वस्तु बहुधा तशी सूचना देत नाहीं. वरून आघात झाला तर बाहेर ओरखडाहि न दिसतां आंतील थर एकमेकांपासून सुटलेले असूं शकतात. तपासणारे कारागीर अशा वस्तूवर नाण्यानें ठोकून आवाज ऐकतात; चांगल्या जागीं खणखणीत आणि सुटलेल्या जागीं बद्द आवाज येतो. बाजारांत माठ घेतांना आपल्या आया तो वाजवून घेतात, तीच ही परीक्षा! शिवाय राळ उष्णतेनें मऊ पडते, आगींत काळा धूर सोडून जळते, आणि वर्षानुवर्षें ऊन लागून तिचा पृष्ठभाग खरबरीत होतो. गच्चीवरील फायबरच्या टाकीवर पांढुरकी भुकटी सुटूं लागली व तंतु दिसूं लागले, तर वरचें आवरण झिजलें असें समजून वेळींच दुरुस्ती करावी.

या धंद्यांत शिरूं इच्छिणाऱ्या मुलांनीं आणि त्यांच्या पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वस्तु घासतांना उडणारी कांचतंतूंची धूळ कातडीस खाज आणते व श्वासाबरोबर आंत जाते. पॉलिएस्टर राळेची वाफ बंद खोलींत कोंडली तर डोकें भणभणतें व प्रकृतीस अपाय होतो. राळ घट्ट करण्यासाठीं जीं दोन द्रव्यें घालतात, तीं राळेंत एकामागून एक, निरनिराळीं मिसळावयाचीं असतात. तीं परस्परांत थेट मिसळलीं तर भडका उडतो. मुखपट्टी, हातमोजे आणि मोकळी हवा यांचा खर्च वांचविणारा मालक कामगाराच्या आयुष्यांतून तो खर्च वसूल करीत असतो. नोकरी धरतांना पगाराइतकीच या गोष्टीचीहि चौकशी करावी.

शेवटचा दोष सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. लोखंड मोडींत घालून वितळवितां येतें. परंतु एकदां घट्ट झालेली ही राळ पुन्हां वितळत नाहीं, आणि तंतु तिच्यापासून सहज सुटत नाहींत. ज्या बंधामुळें ही वस्तु बळकट झाली, तोच बंध तिच्या अंतकाळीं अडचण होऊन बसतो. पवनचक्कीचें पातें वीस-पंचवीस वर्षांनीं उतरवावें लागतें, आणि परदेशांत अशीं जुनीं पातीं कापून जमिनींत पुरण्याची पाळी आली आहे. त्यांचे तुकडे करून सिमेंटच्या भट्टींत घालणें हा एक उपाय निघाला आहे. तेथें राळ जळणाचें काम करते व कांच सिमेंटच्या कच्च्या मालांत मिसळते. सौम्य आम्लांत सुटेल अशा नव्या राळेचीं पातीं सीमेन्स गामेसा या कंपनीनें २०२१ मध्यें पुढें आणलीं. तरीहि आज उभ्या असलेल्या बहुतेक पात्यांचा प्रश्न शिल्लकच आहे. बालाघाटवरचीं पातीं उतरतील तेव्हां आज शाळेंत बसलेलीं मुलें कर्तीसवरतीं झालेलीं असतील. आपल्या शिवारांत त्या पात्यांचें काय करावयाचें, हें त्यांनाच ठरवावें लागणार आहे.

दुसरी दिशा आपल्या शेतांतच आहे. आपल्याकडील अंबाडी हिला इंग्रज लोक दख्खनचा ताग म्हणत. तिच्या वाखापासून आपण दोर, कासरे वळीत आलों; आज तोच तंतु राळेंत घालून मोटारींच्या दारांच्या आंतील फळ्या परदेशांत केल्या जातात. तो कांचेइतका बळकट नाहीं व ओल शोषून घेतो, हा दोष खरा. पण तो हलका आहे, दरवर्षीं शेतांत पिकतो आणि कामगाराच्या कातडीस बोंचत नाहीं. कापूस वेंचून झाल्यावर आपण ज्या पऱ्हाट्या चुलींत घालतों किंवा बांधावर जाळून टाकतों, त्यांचा भुगा राळेनें दाबून फळ्या करण्याची रीत मुंबईच्या माटुंगा भागांतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें सिद्ध केली आहे. ही संस्था १९२४ सालीं स्थापन झाली. कापसाच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणांस ही माहिती निरुपयोगी खास नाहीं.

कुडाची भिंत लिंपणाऱ्या बाईला पुस्तकी शास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु काडी कोणत्या अंगानें घालावी, चिखल किती मळावा आणि लेप किती वाळल्यावर दुसरा हात फिरवावा, हें तिला अनुभवानें कळलें होतें. शिवाय तिची भिंत पडली म्हणजे पुन्हां शेतांतच मिसळून जात होती. नव्या विद्येनें तिच्या काडीच्या जागीं कांच व कार्बन आणले आणि डोंगरावर साठ मीटरचें पातें फिरविलें. पडलेली भिंत मातीस परत मिळण्याची जी सोय त्या बाईच्या कृतींत होती, ती मात्र नव्या विद्येस अजून साधावयाची आहे. विद्यार्थिमित्रांनो, तें काम आपल्या पिढीसाठीं राहिलें आहे. त्याचा आरंभ वर सांगितलेल्या मातीच्या चार पट्ट्यांपासूनहि करतां येईल.